‘बेबी’ या उपाधीनंतर



या व्याख्यानमालेत आपण आजवर इतिहास ऐकला, अर्थकारण ऐकले, सीमाप्रश्न ऐकला. अशा भारदस्त विषयांच्या रांगेत एका चित्रपट अभिनेत्रीची कारकीर्द हा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आपल्याकडे चार कार्यकर्ते बसले आणि सिनेमाचा विषय निघाला, की पहिली दहा मिनिटे त्याच्या अधःपतनावर जातात आणि पुढचा तासभर जुन्या गाण्यांवर. मी पहिली दहा मिनिटे आपली वाचवतो. अधःपतनाविषयी आपल्या सर्वांचे एकमत आहे असे गृहीत धरतो आणि थेट माणसाकडे, म्हणजे एका मुलीकडे वळतो.

जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत एक उपाधी वारंवार दिसते: ‘बेबी’. प्रभातच्या ‘रामशास्त्री’त (१९४४) बेबी शकुंतला, पुढे बेबी नंदा, बेबी तबस्सुम, बेबी नाज. ही उपाधी कौतुकाची आहे, परंतु ती एक व्यावसायिक नोंदही आहे. हे मूल कमावते आहे, असा तिचा अर्थ. ही उपाधी देणारे पुष्कळ असतात. ती केव्हा काढायची आणि काढल्यानंतर त्या मुलीचे काय करायचे, याची जबाबदारी मात्र कोणाकडेच नसते. बहुतेक बालकलाकार त्या सांध्यावरच हरवून जातात. जे टिकले त्यांच्यापैकी एका मराठी मुलीची, पद्मिनी कोल्हापुरे यांची, वाटचाल मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. बालपणाविषयी बोलताना मी ‘ती’ म्हणेन आणि मोठेपणाविषयी बोलताना ‘त्या’. हा बदल नेमका कोठे करायचा, याचाच मला बोलता बोलता पेच पडणार आहे आणि खरे तर तोच आजचा विषय आहे.

पद्मिनीचा जन्म १ नोव्हेंबर १९६५ चा. घराणे गाण्याचे. आजोबा पंडित कृष्णराव कोल्हापुरे हे नाट्यसंगीत गाणारे आणि मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळींशी निगडित. आजी दीनानाथांची सावत्र बहीण. वडील पंढरीनाथ हेही संगीतातलेच. म्हणजे लताबाई आणि आशाबाई या नात्याने पद्मिनीच्या आत्या. हे नाते मी मिरवण्यासाठी सांगत नाही. मराठी नाटक मंडळ्यांच्या जगात मुलांनी लहानपणीच कंपनीत जाणे ही रीतच होती. स्वतः दीनानाथ कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत गेले होते. ज्या घरात तीन पिढ्या रंगमंचाच्या प्रकाशात उभ्या राहिल्या, त्या घरातल्या मुलीने स्टुडिओत पाऊल टाकणे ही क्रांती नव्हती आणि अनर्थही नव्हता.

परंतु याच नात्यात एक दुसरा, करुण धागाही आहे. एप्रिल १९४२ मध्ये दीनानाथ गेले तेव्हा लता मंगेशकर तेरा वर्षांच्याही नव्हत्या. पाठीवर चार भावंडे. त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ चित्रपटात त्या उभ्या राहिल्या. हे काम आणि त्यापुढचीही कामे त्यांना मिळाली ती मास्टर विनायक यांच्या आधारामुळे. अभिनय, रंगरंगोटी, लोकांच्या सांगण्यावरून हसणे आणि रडणे हे आपल्याला मनापासून आवडत नसे, असे लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितले. आवडत नसलेले काम त्यांनी घरासाठी केले. मग १९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याचा चौथा दिवस सरला असता, हेच मास्टर विनायक निवर्तले. त्यांची मुलगी नंदा तेव्हा आठ वर्षांची होती. विनायकांचा ‘मंदिर’ हा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर १९४८ साली पडद्यावर आला, त्यात ‘बेबी नंदा’ आहे. दुसऱ्याच्या अनाथ झालेल्या मुलीला आधार देणाऱ्या माणसाची स्वतःची मुलगी पाच-सहा वर्षांतच त्याच वाटेने गेली. व्ही. शांताराम यांच्या संस्थेच्या ‘तूफान और दिया’मध्ये (१९५६) नंदा नायिका झाल्या तेव्हा त्यांचे वय सतरा. त्यात त्या भावासाठी झिजणारी बहीण होत्या, आणि पुढे ‘भाभी’, ‘छोटी बहन’ अशा भूमिकांनी तीच प्रतिमा त्यांना जन्माची चिकटली. घर चालवणाऱ्या मुलीला पडद्यावरही घर चालवणाऱ्या मुलीचीच कामे मिळाली. स्वतःचा संसार मांडणे मात्र राहून गेले.

नंदा यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण पद्मिनीच्या गोष्टीत त्या परत येतात आणि त्या कोणत्या नात्याने परत येतात हे ऐकण्यासारखे आहे.

पद्मिनीवर लताबाईंसारखा किंवा नंदा यांच्यासारखा प्रसंग आलेला नव्हता. वडील होते, आई विमानकंपनीत नोकरी करीत होती, बहिणी होत्या. चित्रपटसृष्टीत तिचा प्रवेश झाला तो चेहऱ्याने नव्हे, गळ्याने. ‘यादों की बारात’च्या (१९७३) शीर्षकगीतात लताबाईंच्या आवाजाबरोबर जे मुलांचे आवाज आहेत, ते पद्मिनी आणि थोरली बहीण शिवांगी यांचे. गुलजार यांच्या ‘किताब’मधले (१९७७) शाळकरी पोरांचे धमाल गाणेही याच दोघी बहिणींचे. पडद्यावर मुलगे नाचतात आणि आवाज कोल्हापुरे भगिनींचा, हे कित्येकांना आजही ठाऊक नसते. आशाबाईंनी देव आनंद यांच्याकडे तिचे नाव सुचवले आणि ‘इश्क इश्क इश्क’मध्ये (१९७४) ती दिसली. मग ‘जिंदगी’, ‘ड्रीमगर्ल’. छोटी कामे, सुट्टीत करावीत अशी.

१९७८ साली राज कपूर यांचा ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ आला. त्या चित्रपटाविषयी आपल्या घरांतून काय बोलले गेले ते मला चांगले आठवते, आणि त्या बोलण्यात तथ्यही होते. पण त्याचा सुरुवातीचा भाग पाहा. देवळातल्या पुजाऱ्याची मुलगी, उकळत्या तेलाने भाजलेला चेहरा, आणि लताबाई व मन्ना डे यांच्या स्वरातले ते यशोदा-कृष्णाचे भजन. बारा वर्षांची पद्मिनी त्या भजनात ज्या तन्मयतेने डोलते, ती शिकवून येत नाही. ताल अंगात असलेले मूल असे डोलते. पडद्यावर भाचीचा चेहरा आणि त्यामागे आत्याचा आवाज! ते गाणे आजही कीर्तनाच्या कार्यक्रमांतून आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतून ऐकू येते. चित्रपटाच्या उरलेल्या भागावर ज्यांनी बहिष्कार टाकला त्यांच्याही घरात ते गेले.

त्या चित्रपटात पद्मिनी मोठी होते आणि तिची झीनत अमान होते. मुलगी आणि बाई यांच्यामध्ये काहीच नाही. एक दृश्य संपते, दुसरे सुरू होते. पटकथेची ती सोय होती. पण पुढच्या दोन वर्षांत तीच सोय प्रत्यक्षातल्या मुलीवर लादली गेली.

१९८० साली दोन चित्रपट आले. पहिला ‘गहराई’. दिग्दर्शक अरुणा राजे आणि विकास देसाई, लेखनात विजय तेंडुलकर, वडिलांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. गावाकडची जमीन विकणारा शहरी गृहस्थ आणि त्याच्या शाळकरी मुलीला झालेली बाधा, असा विषय. आयुष्यभर बुद्धिवादाचा पुरस्कार करणाऱ्या डॉक्टरांनी मुलीसाठी मांत्रिकापुढे हतबल होणारा बाप उभा केला आहे, आणि तो फार खरा वाटतो. पण चित्रपट पेलला आहे तो पद्मिनीने. अनोळखी पुरुषाच्या द्वेषाने बोलणारी मुलगी, बापाचीच गुपिते घरादारासमोर उघडी करणारी. हे काम करून ती घरी जात असेल तेव्हा तिला झोप कशी लागत असेल, असा विचार मी एका समीक्षणात तरी वाचला असता, तर मला आमच्या पत्रकारितेचा अभिमान वाटला असता.

दुसरा चित्रपट ‘इन्साफ का तराजू’. बी. आर. चोप्रा यांना आपण पुढच्या ‘महाभारत’ मालिकेमुळे आदराने ओळखतो. हा चित्रपट त्यांचाच. तो ज्या काळात आला तो काळ लक्षात घेतला पाहिजे. आपल्याच विदर्भात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका वनवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि अखेर १९८३ साली कायदा बदलला. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ते सर्वांना माहीत आहे. न्यायालयात पीडितेचीच उलटतपासणी होते, हा या चित्रपटाचा विषय आणि तो विषय योग्यच होता. झीनत अमान थोरली बहीण, पद्मिनी धाकटी. थोरलीला न्याय मिळत नाही, सुटलेला आरोपी पुढे धाकटीवर अत्याचार करतो, आणि मग थोरली त्याला गोळी घालते.

ते धाकट्या बहिणीचे दृश्य चित्रित झाले तेव्हा पद्मिनीचे वय पंधराच्या आसपास होते. हे दृश्य पडद्यावर आले असते, तर आपल्यापैकी कोणीही त्या वयाच्या मुलीला चित्रपटगृहातून उठवून घरी आणले असते. जे पाहू द्यायला आपण धजलो नसतो ते करायला तिला सांगितले गेले, आणि त्याबद्दल तिला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार योग्य होता, अभिनय तसाच होता. चित्रपटाचा हेतूही चांगला होता. पण चांगल्या हेतूच्या चित्रपटातही ते दृश्य किती लांबवायचे, कॅमेरा कोठे ठेवायचा, याचा निर्णय प्रौढ माणसे घेतात, आणि त्या निर्णयात न्यायापेक्षा गल्ल्याचा विचार अधिक झाला असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. त्या मुलीच्या वतीने ‘एवढे पुरे’ असे म्हणणारा माणूस चित्रीकरणाच्या जागी असावा, असे तेव्हाचा कोणताही कायदा सांगत नव्हता.

त्याच १९८० साली इंग्लंडचे तत्कालीन युवराज चार्ल्स मुंबईच्या एका स्टुडिओत आले असता पद्मिनीने त्यांना हार घातला आणि गालावर ओठ टेकवले. केवढा गहजब! पंधरा वर्षांच्या मुलीच्या त्या अल्लडपणाची बातमी साता समुद्रापार गेली. पडद्यावरच्या अत्याचाराबद्दल ज्यांनी अवाक्षर काढले नाही, त्यांनी या प्रसंगावर रकाने भरले. आमच्या व्यवसायाच्या या प्रमाणबद्धतेवर मी आणखी काही बोलत नाही.

आता १९८१ आणि ८२. नासिर हुसेन यांच्या ‘जमाने को दिखाना है’मध्ये ती थेट नायिका झाली, चित्रपट पडला. आणि त्याच सुमारास तीन चित्रपट असे आले, की त्यांत तिच्या आईची भूमिका एकाच अभिनेत्रीने केली. ‘आहिस्ता आहिस्ता’ (१९८१), ‘प्रेमरोग’ (१९८२), ‘मजदूर’ (१९८३). तिन्हींत मुलगी पद्मिनी आणि आई नंदा. मघाशी मी म्हणालो होतो ते हेच. बराच काळ पडद्यापासून दूर राहिलेल्या नंदा परत आल्या त्या या मुलीची आई म्हणून. मास्टर विनायकांची मुलगी आणि मास्टर दीनानाथांच्या नात्यातली नात. एक ‘बेबी’ आई झाली होती आणि दुसऱ्या ‘बेबी’ला पदराखाली घेत होती. हा योगायोगच, कोणी ठरवून घडवलेला नाही. पण ‘आहिस्ता आहिस्ता’ची गोष्ट ठाऊक असेल त्याला तो चटका लावतो. पुट्टण्णा कणगाल यांच्या ‘गेज्जे पूजे’ या गाजलेल्या कन्नड चित्रपटावर तो बेतलेला आहे. परंपरेने नशिबी आलेल्या व्यवसायातून मुलीला सोडवून तिला चारचौघींसारखे लग्नाचे आयुष्य मिळावे म्हणून झुरणाऱ्या आईची ती कथा.

‘प्रेमरोग’विषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण माझ्या मते पद्मिनी कोल्हापुरे यांचे पडद्यावरचे सर्वश्रेष्ठ काम ते आहे. आणि येथून मी ‘त्या’ म्हणू लागतो, जरी पंचांगाप्रमाणे त्या सोळा-सतरा वर्षांच्याच होत्या. ठाकुरांच्या हवेलीतली लाडावलेली मनोरमा. लग्न होते आणि लगोलग वैधव्य येते. सासरी थोरल्या दिराकडून अत्याचार, माहेरी परतल्यावर रूढींचा फास, केशवपनाची तयारी. लहानपणापासून तिच्यावर जीव असलेला देवधर, म्हणजे ऋषी कपूर, तिच्यासाठी साऱ्या गावाशी झुंजतो. राज कपूर यांनी इतर ठिकाणी काय केले ते बाजूला ठेवा. या चित्रपटात त्यांनी विधवेच्या पुनर्विवाहाची बाजू निःसंदिग्धपणे घेतली. महाराष्ट्राला यात नवे काही नव्हते. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा, अण्णासाहेब कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तो १८९३ साली, आणि हिंगण्याच्या माळावर त्यांनी झोपडी उभारल्यालाही तोवर ऐंशी वर्षे होऊन गेली होती. पण १९८२ च्या हिंदी प्रेक्षकाला, खेड्यापाड्यांतल्या प्रेक्षकाला, हे पुन्हा सांगावे लागत होते आणि तो ते रांगा लावून ऐकत होता. समाजसुधारणेचे एखादे व्याख्यान इतक्या लोकांपर्यंत पोहोचल्याचे मला ठाऊक नाही. आजचे तर नाहीच.

त्यात पद्मिनी काय करतात? पूर्वार्धात त्या पळतात, ओरडतात, झाडावर चढतात, देवधरला छळतात. वैधव्यानंतर त्यांचे शरीर जणू लहान होते. मान खाली, हात अंगाशी, आवाज घशातच. रडण्याचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण खरा परिणाम आहे तो न रडण्याच्या जागांचा. तिसऱ्या-चौथ्या वाक्यानंतर येणारा श्वास त्या अशा ठिकाणी घेतात की गाण्याची तालीम झाल्याचे कळावे. आणि आई झालेल्या नंदा केवळ पाहत राहतात. हवेलीतल्या स्त्रीला बोलण्याची मुभा नाही. त्या चित्रपटात बोलतात ते पुरुष, पण कळते ते या दोघींच्या गप्प राहण्यातून. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार पद्मिनी यांना मिळाला तेव्हा त्यांचे वय सतरा होते.

आमच्या पिढीने ‘प्रेमरोग’ शाळकरी वयात पाहिला. आम्ही मुले तेव्हा दहावीच्या अभ्यासाचा कंटाळा करीत होतो आणि आमच्याहून जेमतेम थोरली मुलगी पडद्यावर विधवा होऊन केशवपनाला सामोरी जात होती. ती आम्हाला मोठी बाई वाटे. चित्रपटाच्या व्याकरणात किशोरवय नावाचा काळच नाही, हे कळायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली. १९७८ साली मूल, १९८० साली अत्याचारित, १९८२ साली विधवा. चार वर्षे!

पुढचे थोडक्यात सांगतो. ‘विधाता’, ‘सौतन’, अनिल कपूर यांचा नायक म्हणून जम बसवणारा ‘वो सात दिन’, तुफान चाललेला ‘प्यार झुकता नहीं’. यश भरपूर होते. भूमिका मात्र हळूहळू एकसारख्या होत गेल्या, आणि त्यांतल्या निम्म्या चित्रपटांविषयी बोलण्यासारखे काही नाही. १९८६ साली, विशी उलटता उलटता, त्यांनी निर्माते प्रदीप शर्मा यांच्याशी विवाह केला आणि नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी त्या पडद्यावरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. चित्रपटाच्या मासिकांनी याला ‘कारकीर्द संपली’ म्हटले. दहा-बारा वर्षे कामाला जाणारी मुलगी वयाच्या पंचविशीनंतर घरी थांबते, मूल वाढवते, यात संपले काय ते मला कळत नाही. नंदा यांना जे करता आले नव्हते ते त्यांना करता आले, कारण त्यांच्या थांबण्याने कोणाची चूल विझणार नव्हती. बालकलाकारांच्या गोष्टीत हा फरक सर्वांत मोठा आहे. घराला मुलाच्या कमाईची गरज असेल तर ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार त्या मुलाच्या हातात कधीच येत नाही.

येथे थोडे आजच्या घरांविषयी बोलले पाहिजे, कारण समोर बसलेल्यांत पालक बरेच आहेत. २००८-०९ मध्ये ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या पाच मुलांनी महाराष्ट्र वेडा केला होता. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत. त्यांची घरे सुजाण होती, तालीम खरी होती आणि ती मुले पुढे गाण्यातच राहिली. पण त्या यशाच्या मागे नाव न आलेली किती मुले चाचणीच्या रांगेत उभी होती आणि कितीजण दूरचित्रवाणीच्या दिव्यांखाली गुणांच्या पाट्यांकडे पाहत रडली, तेही आपण घरी बसून पाहिले. मुले रडली की प्रेक्षक वाढतात, हे वाहिन्यांना फार लवकर समजले.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०११ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यावर बंदी आली. जे अपवाद राहिले त्यांत दृक्‌श्राव्य करमणुकीतील बालकलाकार आहेत. त्यासाठीचे नियम २०१७ चे. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाच्या उत्पन्नापैकी किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जमा करावी लागते. शाळा बुडता कामा नये, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काम नको, आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नको. हे सगळे चांगले आहे, पद्मिनी किंवा नंदा यांच्या वेळी यातले काही नव्हते. पण तास मोजता येतात, पैसे मोजता येतात. इच्छा कशी मोजायची? आठ वर्षांच्या मुलाला विचारा, ‘बाळा, तुला टीव्हीवर जायचे आहे ना?’ आई-बाबांच्या डोळ्यांत पाहून ते काय उत्तर देईल? आणि वीस टक्के मुलाच्या नावावर, तर उरलेले ऐंशी टक्के कोणाच्या भरवशावर, हाही प्रश्न आहेच. नियमांची अंमलबजावणी करणारा अधिकारी चित्रीकरणस्थळी रोज येऊ शकत नाही. तेथे रोज असतात ते आई किंवा वडील.

पुन्हा पद्मिनीताईंकडे येऊ. २००३ साली त्या मराठीत परतल्या ‘चिमणी पाखरं’मधून. दिग्दर्शक महेश कोठारे. तेही ‘छोटा जवान’ (१९६३) आणि ‘राजा और रंक’ (१९६८) यांतून पुढे आलेले बालकलाकार, हे विसरू नका. आपण जगणार नाही हे कळलेली आई एकेका मुलासाठी घर शोधते आणि एकेकाला निरोप देते. हा चित्रपट महाराष्ट्राने रुमाल भिजवून पाहिला. थोडा अधिक रडवतो अशी त्याच्यावर टीका झाली, ती मला मान्य आहे. परंतु त्यात मुलांना निरोप देताना पद्मिनीताई मुलांचे कपडे नीट करीत राहतात, त्या हातांत मला कोठेही नाटकीपणा दिसत नाही. आणि त्यातल्या बालकलाकारांकडून कामही मुलांसारखेच करून घेतलेले आहे. बालकलाकाराने बालकलाकारांना दिग्दर्शित केले की असे होत असावे.

दूरचित्रवाणीवर त्या आल्या ‘एक नई पहचान’ या मालिकेतून, डिसेंबर २०१३ मध्ये. सासू-सुनेच्या मालिकांचा आपल्या घरांना किती उबग आला आहे ते मी जाणतो; गृहिणी नाही म्हणतील, पण रिमोट कोणाच्या हाती असतो हे सर्वांना ठाऊक आहे. या मालिकेत श्रीमंत घरातली शिक्षण न झालेली सासू आणि तिला शिकवणारी सून अशी जोडी होती. पद्मिनीताई शारदा नावाच्या त्या सासू झाल्या. घरच्यांनी येता-जाता अपमान केलेली, पण स्वतःला कमी न लेखणारी बाई. रोजच्या मालिकेचा वेग आणि तीच ती वळणे यांत अभिनय टिकवणे सोपे नसते. पहिल्यांदा अक्षर ओळखताना त्यांच्या चेहऱ्यावर जी लाज आणि आनंद एकत्र दिसतो, तो मात्र खरा होता. मालिका फार चालली नाही. कटकारस्थान करणारी सासू असती तर कदाचित दहा वर्षे चालली असती.

आणि मग ६ डिसेंबर २०१९ रोजी आशुतोष गोवारीकर यांचा ‘पानिपत’ प्रदर्शित झाला. त्यात पद्मिनीताई गोपिकाबाई आहेत आणि मोहनीश बहल नानासाहेब पेशवे. मोहनीश म्हणजे नूतन यांचे चिरंजीव, आणि नूतनही आई शोभना समर्थ यांच्यासह लहानपणीच कॅमेऱ्यासमोर आलेल्या. चित्रपटाच्या इतिहासाविषयी आपल्यात मतभेद असतील, मलाही काही आक्षेप आहेत आणि प्रश्नोत्तरांत ते जरूर काढा. पण वाईच्या रास्त्यांची ही लेक, विश्वासरावांची आई, आपल्या इतिहासलेखनात बहुधा केवळ महत्त्वाकांक्षी म्हणून रंगवली गेली. मोहिमेवर विश्वासरावांचे नाव पुढे असावे असा तिचा आग्रह, आणि १४ जानेवारी १७६१ ला तो तरणाबांड मुलगा रणात पडला. पडद्यावर गोपिकाबाईंना फार थोडी दृश्ये आहेत. शनिवारवाड्याच्या त्या भव्य दालनात पद्मिनीताई बहुतेक वेळ उभ्याच असतात, नथ, शेला, ताठ मान, आणि बोलण्यात पेशवीणबाईंची जरब. मुलगा उत्तरेला जाणार हे ठरते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आधी अभिमान दिसतो. त्यानंतर काय येते ते पाहण्याआधीच दृश्य बदलते.